गॅदरिंगच्या रंगमंचावर ॲनिमेची गाणी

ॲनिमे मालिकेच्या सुरुवातीचे गाणे साधारण दीड मिनिटाचे असते, आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये एका कार्यक्रमाला जेमतेम चार-पाच मिनिटे मिळतात. विद्यार्थ्यांच्या बँडला हा हिशेब चांगला जुळतो. ॲनिमे म्हणजे जपानमध्ये तयार होणाऱ्या चित्रमालिका आणि चित्रपट. प्रत्येक मालिकेला सुरुवातीचे आणि शेवटचे अशी स्वतःची गाणी असतात. ही गाणी लिहिणारे, चाली बांधणारे आणि गाणारे तिथले नावाजलेले कलावंत असतात. सांगलीहून तासगावच्या रस्त्याला लागले की लगेच येणाऱ्या माधवनगरपासून मिरजेपर्यंत कोणत्याही शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांना विचारले, तर यांतली दोन-चार गाणी त्यांना चालीसकट ठाऊक असतात. मात्र ऐकायला आवडणारे गाणे आणि मंचावर उभे राहून वाजवता येणारे गाणे यांत मोठे अंतर असते. निवड करताना हे अंतर आधी मोजावे लागते.

जपानी दूरचित्रवाणीवर 'तेत्सुवान आतोमु' ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झाली. जगभर ती 'ॲस्ट्रो बॉय' या नावाने ओळखली जाते. तिच्या शीर्षकगीताचे शब्द शुंतारो तानिकावा या जपानमधल्या मोठ्या कवीचे होते. मुलांच्या मालिकेसाठीही गाणे तोलामोलाच्या माणसाकडून लिहून घ्यायचे, ही रीत तिथे सुरुवातीपासूनच आहे. १९७०च्या दशकात 'माझिंगर झेड'सारख्या यंत्रमानवांच्या मालिका आल्या आणि इचिरो मिझुकीसारख्या खणखणीत आवाजाच्या गायकांनी नायकाच्या नावाचा पुकारा करणारी गाणी लोकप्रिय केली. पुढे मालिकेचे नावही न घेणारी, स्वतंत्र ऐकता येतील अशी गाणी आली. योको ताकाहाशी यांचे १९९५चे 'इव्हँजेलियन'चे गाणे आजही जपानमध्ये गायले जाते. २०१९मध्ये 'डेमन स्लेयर'साठी लिसा या गायिकेने गायलेले 'गुरेंगे' आणि २०२३मध्ये 'ओशी नो को'साठी योआसोबी या जोडीने केलेले 'आयडॉल' ही आजच्या मुलांच्या तोंडी असलेली नावे.

मराठी घरांत ॲनिमे शिरले ते मात्र ॲनिमे हे नाव न सांगता. १९९३मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर दिसणारे 'जंगल बुक' ही निप्पॉन ॲनिमेशनची जपानी मालिका होती. तिचे हिंदी शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिले आणि विशाल भारद्वाज यांनी त्याला चाल दिली. त्यातल्या शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा होता. त्या वेळी शाळेत जाणारी मुले आज पालक म्हणून गॅदरिंगच्या खुर्च्यांवर बसलेली असतात. त्यांच्या पाठच्या पिढीने 'डोरेमॉन' आणि 'शिनचॅन' हिंदीत पाहिले. आत्ताची मोठी मुले मोबाईलवर मूळ जपानी आवाजात मालिका पाहतात आणि खालची अक्षरे वाचतात. म्हणजे एकाच मांडवात तीन पिढ्यांचे तीन वेगळे ॲनिमे बसलेले असते, आणि पुढच्या रांगेतल्या आजी-आजोबांना यांतले काहीच माहीत नसते. ज्या बँडला हे कळते त्याची निम्मी निवड तिथेच होते. फक्त आपल्या वर्गाला ठाऊक असलेले गाणे घेतले, तर टाळ्याही फक्त आपल्याच वर्गाच्या मिळतात.

जपानमध्ये गॅदरिंगच्या जवळ जाणारा प्रकार म्हणजे 'बुन्कासाई', शाळेचा सांस्कृतिक महोत्सव. तो बहुधा शरद ऋतूत होतो. त्यात शाळेच्या 'केइओन' म्हणजे सुगम संगीताच्या मंडळातले बँड वाजवतात. हा प्रसंग खुद्द ॲनिमेतच इतक्यांदा रंगवला गेला आहे की तो एक ठरलेला सोहळा झाला आहे. २००६च्या 'हारुही सुझुमिया' मालिकेत आयत्या वेळी मंचावर उभी राहिलेली नायिका 'गॉड नोज' हे गाणे गाते. २००९च्या 'के-ऑन!'मध्ये गिटार हातात न धरलेली मुलगी मंडळात येते आणि महोत्सवापर्यंत तयार होते. २०२२च्या 'बोच्ची द रॉक!'चा शेवटचा भाग महोत्सवावरच आहे. हे पाहून मुलांना वाटते की तेच गाणे आपणही घ्यावे. अडचण अशी की पडद्यावर शाळकरी मुलगी वाजवताना दिसली, तरी प्रत्यक्षात ध्वनिमुद्रणात वाजवणारे कसलेले व्यावसायिक वादक असतात. 'गॉड नोज'च्या सुरुवातीचा गिटारचा तुकडा अनेक वर्षे रियाज केलेल्या हातालाही दमवतो. सहा महिन्यांपूर्वी गिटार घेतलेल्या मुलाने तो अंगावर घेणे म्हणजे पहिल्या दहा सेकंदांत अख्खा कार्यक्रम पणाला लावणे.

म्हणून निवडीची सुरुवात गळ्यापासून करावी. ॲनिमेची बरीच गाणी चढ्या आवाजाच्या गायिकांसाठी बांधलेली असतात, आणि ध्रुवपद मुद्दाम गळ्याच्या वरच्या टोकाला ठेवलेले असते. आठवी-नववीतल्या मुलांचे आवाज याच काळात फुटतात. जूनमध्ये सहज लागलेला सूर डिसेंबरमध्ये लागेलच असे नाही. गाण्यातला सर्वांत वरचा स्वर कोणता हे आधी शोधावे. तो स्वर असलेली ओळ गायकाने लागोपाठ तीन-चार वेळा म्हणावी. शेवटच्या वेळीही आवाज फाटला नाही किंवा मान ताणली गेली नाही, तरच गाणे त्या पट्टीत ठेवावे.

पट्टी बदलायला लाजू नये. 'गुरेंगे' मूळ ई मायनरमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या भाषेत पांढरी तीनमध्ये आहे. ते पांढरी दोनमध्ये किंवा त्याहून खाली आणले तरी ऐकणाऱ्याचे काही बिघडत नाही, उलट गायक मोकळा होतो. कीबोर्डवर, म्हणजे शाळाशाळांतून ज्याला सरसकट कॅसिओ म्हणतात त्यावर, ट्रान्सपोजचे बटण दाबले की काम होते. गिटारवाल्याचे तसे नसते. गिटारच्या मानेवर कॅपो, म्हणजे तारा दाबणारा चिमटा, लावून पट्टी फक्त वर नेता येते. खाली आणायची तर सगळ्या तारा सारख्याच उतरवाव्या लागतात किंवा कॉर्ड नव्याने बसवावे लागतात. हे पहिल्याच आठवड्यात ठरवले नाही, तर कीबोर्ड एका पट्टीत आणि गिटार दुसऱ्या पट्टीत अशी गत तालमीत होते आणि चूक कुठे आहे तेच मुलांना समजत नाही.

गळ्यानंतर हात. आपल्याकडच्या शाळांत सहसा हार्मोनियम, तबला, ढोलकी, एखादे ऑक्टोपॅड आणि कोणाच्या तरी घरचा कीबोर्ड व गिटार एवढी सामग्री असते. पूर्ण ड्रमसेट क्वचितच असतो. ॲनिमेची बहुतेक गाणी चार मात्रांच्या सरळ लयीत चालतात, त्यामुळे ढोलकीवाल्याला केरव्याच्या अंगाने ती धरता येतात. मात्र लय चढली की ढोलकीवरचा हात आपोआप लावणीच्या ठेक्याकडे वळतो आणि गाण्याचा बाज बदलतो. अशा वेळी मुख्य ठोका ऑक्टोपॅडवर ठेवून ढोलकीला भरण्याचे काम द्यावे. 'आयडॉल'ची लय मिनिटाला १६६ ठोक्यांची आहे. त्यात मधेच शब्दांचा मारा येतो आणि पट्ट्या बदलतात. मुलांना ते फार आवडते, पण शाळेच्या बँडने ते मोह आवरून बाजूलाच ठेवावे. याउलट 'वन पीस'चे १९९९चे 'वी आर!' हे गाणे सगळ्यांनी मिळून गाण्यासारखे आहे. शाळेच्या बँडपथकातला एखादा बिगुल किंवा ट्रम्पेट वाजवणारा असेल तर त्यालाही त्यात जागा सापडते.

गिटार नुकतीच शिकलेल्यांना एक गोष्ट उपयोगी पडते. जपानी लोकप्रिय संगीतात कॉर्डची एक वाट इतकी रुळलेली आहे की तिला तिथे 'राजमार्ग' अशा अर्थाचे नाव आहे. सी मेजरमध्ये ती एफ, जी, ई मायनर, ए मायनर अशी जाते. हे चार कॉर्ड एकमेकांवर सफाईने पडू लागले की कितीतरी ध्रुवपदांना साथ करता येते. एफचा बारे कॉर्ड अजून वाजत नसेल, तर सुरुवातीला त्याचे सोपे रूप वाजवले तरी भागते.

सुरावटीच्या बाबतीत सांगली-मिरजेच्या मुलांच्या हाताशी जे आहे, ते त्यांना कोणी सांगत नाही. जपानमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शाळेच्या आणि लोकप्रिय गाण्यांत एक पाच सुरांचे सप्तक रुजले. सात सुरांतला चौथा आणि सातवा सूर गाळून ते होते. चौथा म्हणजे मध्यम आणि सातवा निषाद. ते वगळले की उरतात सा, रे, ग, प, ध. हा झाला भूप राग. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे कार्यालय मिरजेतच आहे, आणि त्याच्या सुरुवातीच्या परीक्षांना बसणारे या भागातले मूल हार्मोनियमवर जे पहिले राग वाजवते त्यांत भूप असतो. याच जपानी सप्तकाचे उदास रूपही आहे. शिवरंजनी रागात धैवत कोमल केला की ते मिळते. आजच्या ॲनिमे गीतांत सगळे सूर येतात आणि पाश्चात्त्य कॉर्डही येतात, पण चालीचे कितीतरी तुकडे या पाच सुरांभोवती घुटमळतात. त्यामुळे क्लासला जाणाऱ्या मुलाने मोबाईलवर गाणे ऐकून त्याची सरगम स्वतः लिहावी. त्याला ते जमते, आणि अशी लिहून काढलेली चाल इंटरनेटवरच्या तयार नोटेशनपेक्षा पक्की बसते. हार्मोनियमवर मिंड निघत नाही हे खरे, पण या गाण्यांना मिंडेची फारशी गरजही नसते. इथे सूर ठळक आणि सुटे लागतात.

शब्दांचे मात्र भय वाटते. जपानी गाणे रोमन लिपीत लिहून पाठ करण्याची सवय मुलांना असते, आणि तिथेच उच्चार बिघडतात. देवनागरीत लिहिले तर बिघडण्याचे कारण नाही. जपानी वर्णमालेचा अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न हा क्रमच मुळी बौद्ध भिक्षूंनी नेलेल्या भारतीय वर्णमालेच्या अभ्यासातून घडलेला आहे. मराठी तोंडाला आणखी एक सोय आहे. 'चाक'मधला च आणि 'चहा'मधला च आपण वेगळे बोलतो. 'त्सुनामी'तल्या पहिल्या अक्षराचा उच्चार चाकातल्या च च्या शेजारीच राहतो, आणि जपानी झ हा 'जहाज'मधल्या ज ला बराचसा जवळ आहे. हिंदी किंवा इंग्रजी वळणाच्या तोंडाला जे अक्षर आपटते ते माधवनगरच्या मुलाला सहज निघते.

खरी मेख मात्रांत आहे. जपानी भाषा मात्रांवर चालते. 'ओसाका' आपल्याला तीन अक्षरी वाटते, पण तिथे तिच्या मात्रा चार, कारण पहिला ओ दीर्घ आहे. 'निप्पोन'च्याही चार होतात: नि, अडखळलेला प्, पो आणि न. शेवटच्या न ला गाण्यात स्वतःचा स्वतंत्र सूर मिळू शकतो. वृत्तांच्या धड्यात लघु-गुरू मोजायला शिकलेल्या मुलाला हे लगेच कळावे. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची: मराठीत ए आणि ओ नेहमी गुरू, जपानीत ते ऱ्हस्वही असतात. म्हणून वहीत गाणे उतरवताना दीर्घ ए-ओच्या पुढे एक आडवी रेघ ओढावी आणि प्रत्येक मात्रेखाली ठोका मांडावा. असे एक पान तयार झाले की कोरसमधली सगळी मुले एका वेळी श्वास घेतात.

अर्थाचे पान वेगळे करावे. प्रत्येक गाण्याचा मराठीतला भावार्थ लिहून तो वर्गशिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना आधीच दाखवावा. काही मालिका रक्तपाताच्या आहेत आणि त्यांची गाणीही तशीच आहेत. बालवाडीची मुले समोर बसलेली असताना ती गाणे बरे नव्हे. शिवाय अर्थ माहीत असलेला गायक वेगळा गातो, ऐकणाऱ्याला एक अक्षर कळत नसले तरीही. चालीवर मराठी शब्द बसवावेत का, हा प्रश्न इथे येतो. सांगलीत १८४३मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले आणि तिथून मराठी नाटक चालत आले. पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांनी कानडी मुलखातल्या चालींवर मराठी पदे रचून 'शाकुंतल' आणि 'सौभद्र' उभी केली. परक्या चालीवर आपले शब्द हे आपल्या रंगभूमीचे जुने भांडवल आहे, तेव्हा शाळेतल्या एखाद्या कवीने प्रयत्न करायला हरकत नाही. मात्र जपानी ओळीत स्वर भरपूर असतात, मराठीत जोडाक्षरे आली की ओळ अडते. सगळे गाणे मराठीत करण्यापेक्षा एक कडवे जपानीत आणि एक मराठीत ठेवले तर जुन्या-नव्या दोन्ही श्रोत्यांचे समाधान होते.

गाणी किती आणि कोणत्या क्रमाने, हे सगळ्यांत शेवटी ठरवावे. पूर्ण लांबीचे ॲनिमे गाणे चार मिनिटांपर्यंत जाते. शाळेच्या बँडने ते पूर्ण वाजवण्याचा आग्रह धरू नये. मालिकेत वाजते ते दीड मिनिटाचे रूप रचनाकारांनीच कापून दिलेले असते: छोटी सुरुवात, दोन टप्प्यांत चढणारे कडवे, मग ध्रुवपद आणि शेवट. अशी तीन रूपे जोडली तर पाच मिनिटांत बसतात. काही गाणी ध्रुवपदानेच सुरू होतात. 'नारुतो शिप्पुदेन'साठी इकिमोनो-गाकारी या बँडने २००८मध्ये केलेले 'ब्लू बर्ड' गायिकेच्या आवाजावरच उघडते, वाद्ये मागून येतात. 'इव्हँजेलियन'चे गाणेही सुरुवातीला संथ आवाजात ध्रुवपद सांगते. भावगीत आणि अभंग ऐकणाऱ्या कानाला ध्रुवपद आधी येण्याची सवय असतेच. मांडवात गलका चालू असताना एक स्वच्छ आवाज एकट्याने लागला की मागच्या रांगाही गप्प होतात, त्यामुळे अशा गाण्याला प्राधान्य द्यावे.

क्रमाबाबत स्पष्ट मत द्यायचे तर सुरुवात 'जंगल बुक'ने करावी. ते हिंदीत आहे, सोपे आहे आणि पालकांना पहिल्या सुरात ओळखू येते. दुसरे गाणे लहान वर्गांसाठी, 'डोरेमॉन'सारखे. तोवर मांडव आपला झालेला असतो, मग तिसरे गाणे बँडने मनापासून निवडलेले जपानी असावे. उलट क्रम लावला तर जपानी गाण्यावर आजी-आजोबा गोंधळतात आणि ओळखीचे गाणे येईपर्यंत वेळ संपते. शाळेत समूहगायन चांगले असेल तर आणखी एक वाट आहे. युगो साको आणि राम मोहन यांच्या भारत-जपान सहकार्यातून झालेल्या रामायणावरच्या ॲनिमे चित्रपटाला वनराज भाटियांचे संगीत आहे, आणि त्यात वसंत देवांनी लिहिलेली संस्कृत गीते आहेत. २०२५च्या जानेवारीत तो भारतातल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला, त्यामुळे मुलांनाही नवा नाही. संस्कृतच्या बाईंकडून उच्चार पक्के करून घेता येतात आणि ॲनिमेला नाक मुरडणारे शिक्षकही खूश होतात.

तालमीत प्रत्येक गाणे आधी पाऊण गतीने वाजवावे. मोबाईलवर गाण्याची गती कमी करून त्यासोबत वाजवता येते. गती वाढवण्याची घाई वादकांनाच असते, श्रोत्यांना नसते. मंचावर माइक किती मिळणार, मॉनिटर असणार का, कीबोर्डची लाइन थेट साऊंडवाल्याच्या मिक्सरला जाणार का, हे त्याला आदल्या दिवशीच विचारावे, कारण कार्यक्रमाच्या दिवशी तो नाचाच्या गाण्यांच्या पेनड्राइव्हमध्ये गुंतलेला असतो. 'बोच्ची द रॉक!'मधल्या महोत्सवात ऐन गाण्यात नायिकेच्या गिटारची तार तुटते आणि ती काचेचा पेला तारांवर घासून एकल तुकडा पुरा करते. शाळेच्या बँडने पेल्यावर विसंबू नये, पहिल्या तारेची एक जोडी आणि दुसरी गिटार मंचाच्या कडेला ठेवावी. उघड्या मैदानावर कार्यक्रम असेल तर रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही. बक्षीस समारंभ लांबला तर सगळ्यांत आधी कात्री लागते ती शेवटच्या गाण्याला. म्हणून मनातले गाणे शेवटच्या जागेवर ठेवले असेल, तर दोनच गाण्यांचा बेतही तयार असावा.

परवानगीचा प्रश्न पालक हमखास विचारतात. भारताच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये यासाठी सूट आहे. शिक्षणसंस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थ्यांनी किंवा कर्मचाऱ्यांनी सादर केलेले गाणे, प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी थेट संबंधित माणसेच असतील, तर हक्कभंग ठरत नाही. जपानच्या कायद्यातही विनामूल्य, नफ्याविना आणि वादकांना मानधन न देता केलेल्या कार्यक्रमाला अशीच सवलत आहे, म्हणूनच तिथल्या शाळा निर्धास्तपणे ही गाणी वाजवतात. ही सूट मांडवापुरती आहे. तिकीट लावून बाहेरच्यांसाठी केलेला कार्यक्रम तिच्यात बसत नाही. कार्यक्रमाचे चित्रीकरण यूट्यूबवर टाकणे हीही वेगळी बाब आहे. तिथे हक्कदार कंपन्यांची यंत्रणा चाल ओळखते, मग आवाज बंद होतो किंवा जाहिरातीचे उत्पन्न त्यांच्याकडे वळते. चित्रीकरण आठवण म्हणून शाळेच्या संग्रहात ठेवावे आणि पालकांना पाहायचे असेल तर ते शाळेतच दाखवावे.